बर्फ पडला तर

"आता या मनोऱ्याकडे बघा, आणि काय वाटतंय ते एका शब्दात सांगा," टॅमझिन म्हणाली.

मनोरा कच्च्या स्पॅगेटीच्या काड्यांचा होता आणि त्याचे सांधे मार्शमॅलोचे होते. बेरिंबा गावच्या स्मृतिसभागृहात, महायुद्धात कामी आलेल्यांच्या नावांच्या फळीखाली, असे डझनभर मनोरे टेबलाटेबलांवर डुगडुगत होते. यंदाच्या हिवाळ्यात माउंट मुल्लनच्या स्की-उतारांवर कोणी माणसं वर नेणारे तारेवरचे पाळणे चालवायचे, कोणी भांडी घासायची आणि कोणी शहरातल्या पोरांना बर्फावर नीट पडायला शिकवायचं, हे या मनोऱ्यांवरून ठरणार होतं. पूर्वी हे काम डोंगरावरचा मुकादम नुसतं माणसाच्या तळहातांकडे बघून करायचा. पण त्यात चुका फार होत, असं नव्या मंडळींचं म्हणणं होतं.

ग्लेनिस प्राउझच्या टेबलावर एक अर्जेंटिनाचा पोरगा आणि दोन इंग्रज पोरी होत्या. तिघांची वयं मिळवली असती तर ग्लेनिसचं वय आलं असतं.

"उमेद," पोरगा म्हणाला.

"आपलेपणा," पहिली पोरगी म्हणाली. दुसरीला तोच शब्द म्हणायचा होता, त्यामुळे तिचा चेहरा पडला. मग तीही "आपलेपणा"च म्हणाली.

"भूक," ग्लेनिस म्हणाली.

टॅमझिनने मान वर केली. तिच्या छातीवर 'आनंद विभाग' असा बिल्ला होता. "भूक?"

"सगळ्यांनी इतकं खायचं बाहेर काढलं, आणि शिजवलं कुणीच नाही."

टॅमझिनने काहीतरी टिपून घेतलं. "बरं. बर्फाशी तुमचं नातं कसं आहे?"

"शेजाऱ्याशी असतं तसं. आला की वैताग, नाही आला की काळजी."

पोरी हसल्या. टॅमझिनसुद्धा अर्धवट हसली आणि मग आपण कामावर आहोत हे आठवून थांबली. सगळे चहाला उठले तेव्हा तिने ग्लेनिसला खिडकीपाशी बाजूला घेतलं. बाहेर पॉप्लरची पानं पिवळी होऊन गळत होती. त्या भागात एप्रिलचा शेवट असाच असतो.

"मिसेस प्राउझ, तुम्ही अर्जात 'स्वयंपाक' म्हटलंय. पण वरच्या स्वयंपाकघरांत आता स्वयंपाक असा होत नाही."

"मग काय होतं?"

"सगळं सिडनीहून पिशव्यांतून येतं. पिशवी कापायची आणि तेलात सोडायचं. तिथे सुऱ्यासुद्धा नाहीत आता, कात्र्या आहेत. आणि त्या जागा भरल्या."

"पाळण्यांवर?"

"भरल्या."

"मग काय उरलंय ते सांग. लाजू नकोस."

टॅमझिन जरा लाजलीच. "साखळ्या. रस्त्यावर, चढाच्या पायथ्याशी, गाड्यांच्या चाकांना बर्फाच्या साखळ्या बसवायच्या. पण ते काम उघड्यावर असतं. वारा असतो, चिखल असतो. शिवाय आडवं पडावं लागतं."

"आडवं पडायला येतं मला."

"गाडीखाली, मिसेस प्राउझ."

"तेही शिकेन," ग्लेनिस म्हणाली, आणि जाता जाता मनोऱ्यातला एक मार्शमॅलो काढून तोंडात टाकला. मनोरा कोसळला. तोवर त्याचं काम झालेलं होतं.

*

ग्लेनिसला हे काम का हवं होतं, हे बेरिंबात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे गुपित ठेवायचं तर ते मोठ्याने सांगावं लागतं, म्हणजे कुणी लक्ष देत नाही.

उन्हाळ्यात तिला तळ्याकाठच्या कॅराव्हान तळावर काम असे. मासे पकडायला येणाऱ्यांना ती तळलेली अंडी घाली, कारण मासे ते पकडतच नसत. हिवाळा मात्र मेंढ्यांचा. तीस हिवाळे ती आल्बी क्विगच्या टोळीबरोबर शेडशेडवर हिंडली. टोळीतले गडी दिवसभर वाकून लोकर कातरायचे आणि ग्लेनिस त्यांना पाच वेळा खायला घालायची. मागच्या वर्षी आल्बीच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. टोळी मोडली. नव्या कंत्राटदाराची पोरं पेट्रोल पंपावरचे गार सँडविच खातात आणि त्याची त्यांना खंत नाही.

असा ग्लेनिसचा हिवाळा रिकामा झाला, आणि तो रिकामा झाल्याचं तिच्या मुलीला लगेच कळलं.

किरिली वुलनगाँगला राहायची. नवरा ब्रेट, घर समुद्राजवळ. दोघांनी गॅरेजच्या अर्ध्या भागात एक खोली केली होती. तिला ती दोघं 'आजीची खोली' म्हणत. नातवंडाचा पत्ता नव्हता, पण खोलीचं नाव तेच. खोलीत पलंग होता, टीव्ही होता, हीटर होता आणि घरचं कपडे धुण्याचं यंत्रही तिथेच होतं.

"हिवाळ्यापुरती ये गं, आई," किरिली फोनवर म्हणायची. "एकटी तिथे लाकडं फोडत बसणार. पडलीबिडलीस तर? मला झोप लागत नाही."

हे ती मनापासून म्हणायची, आणि ग्लेनिसची पंचाईत तीच होती. वाईट मुलीला नाही म्हणणं सोपं असतं.

'हिवाळ्यापुरती' हा शब्द बेरिंबाला चांगला माहीत होता. मिसेस हॉब्डे हिवाळ्यापुरत्या कॅनबेराला गेल्या, एक बॅग घेऊन. वसंतात त्यांचं घर पडद्यांसकट विकलं गेलं. टेड लॅम्पार्ड हिवाळ्यापुरता मुलाकडे गेला. त्याचा कुत्रा अजून फाटकाशी येऊन बसतो. गेलेल्यांना तिथे काही कमी पडत नाही. नाताळला कार्डं येतात, त्यांवर समुद्र असतो.

"मला काम आहे हिवाळ्यात," ग्लेनिसने फोनवर सांगितलं.

"कसलं?"

"वर. डोंगरावर."

"मिळालं?"

"मिळेल."

किरिली म्हणाली, "बरं. जूनमधल्या राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीपर्यंत बघ. नाहीतर मी आणि ब्रेट येतो न्यायला. ठरलं हं, आई."

*

साखळ्यांचा मुख्य माणूस इवो. त्याचा बाप क्रोएशियातून या डोंगरांत बोगदे खणायला आला होता. पोराने बापाकडून दोन गोष्टी घेतल्या: खांदे आणि कमी बोलणं. त्याने ग्लेनिसला एक जुना जोड देऊन सांगितलं, "घरी शिक. महिन्याने बघतो."

तेव्हापासून ग्लेनिस रोज सकाळी अंगणातल्या गवतावर आपल्या जुन्या यूटशेजारी आडवी होऊ लागली. यूट म्हणजे पुढे दोघांपुरती जागा आणि मागे उघडा हौदा. तीत एकेकाळी अर्धं बोकड आणि बटाट्यांची पोती बसायची. चाकामागून तार फिरवायची, वर आकडा अडकवायचा, मग पुढून साखळी ओढून आवळायची. सांगायला हे इतकंच आहे. पण ग्लेनिसच्या बोटांचे सांधे आल्याच्या गड्ड्यांसारखे झाले होते, आणि आकडा नेमका बोटांना दिसत नसे अशा जागी होता.

कुंपणापलीकडे मर्व डगन खुर्ची टाकून बसायचा. मर्व आल्बीच्या टोळीतला कातरणारा. कमरेने दगा दिल्यापासून त्याचा दिवसभराचा धंदा बघणे हा होता.

"काय गं ग्लेन, बांधून ठेवतेस होय गाडी? पळून जाईल म्हणून?"

"तुझ्यासारखी असती तर बांधावी लागली नसती. बसल्या जागची हललीच नसती."

"आज उकाडा आहे. बर्फाचं नाव नाही. लोकांना वाटेल, म्हातारीचा आकडा निसटला."

"लोकांना सांग, अजून अडकलाच नाही."

मर्व हसायचा आणि मग कमरेला हात लावून कण्हायचा. दोन्ही एकदमच व्हायची. एक दिवस तिचं बोट सोलवटलं. तिने ते तोंडात धरलं आणि यूटला पाठ टेकून गवतात बसून राहिली. मर्वने थट्टा केली नाही. मग उठून घरात गेला आणि लोकरीच्या गठ्ठ्याचं जाडं कापड घेऊन आला. वर्षानुवर्षं लोकर भरून भरून ते मेंढीच्या तेलाने मऊ झालं होतं.

"हे अंगाखाली घे," कुंपणावरून टाकत तो म्हणाला. "ओल लागत नाही. आणि हाताला चोळ, तेल आहे त्यात."

"मायेचा पाझर फुटला की काय?"

"वीस वर्षं तुझं मटण खाल्लं. ते पचलं, तर माणूस कशातूनही वाचतो हे मला कळलं. तूही वाचशील."

महिना सरता सरता ग्लेनिसला आकडा सापडू लागला. मग आवाजावरून कळू लागला. मग एका सकाळी दोन्ही चाकं इतकी झटपट झाली की मर्वने टाळ्या वाजवल्या, आणि तीही उठून उभी राहिली तेव्हा कंबर धरायची विसरली.

*

इवोने परीक्षेला एक छोटी निळी गाडी उभी केली होती, शहरातले लोक आणतात तशी. त्याच्या हाताखालचे दोन पोरगे जॅकेटच्या खिशांत हात घालून बघत होते.

"चालू कर," इवो म्हणाला.

ग्लेनिसने कापड अंथरलं. आडवी झाली. तार, आकडा, ओढ. दुसरी बाजू. तार, आकडा, ओढ. बोटांनी एकदाही दगा दिला नाही. ती उठली, गुडघ्यांवरची माती झटकली आणि बाजूला उभी राहिली. चेहरा निर्विकार होता, पण तो तसा ठेवायला तिला कष्ट पडत होते.

इवोने गाडीला एक फेरी घातली. वाकून साखळी ओढून पाहिली. हलली नाही.

"छान बसवल्यास," तो म्हणाला.

"हं."

"पक्क्या आहेत."

"हं."

"आता गिऱ्हाइकाला सांग, डोंगर उलटा चढ."

पोरगे खोकल्याचं निमित्त करून वळले. ग्लेनिसने साखळ्यांकडे पाहिलं. साखळ्या मागच्या चाकांना होत्या. गाडी पुढच्या चाकांनी चालणारी होती.

बेरिंबात ज्याला गाडी म्हणतात ती मागच्या चाकांनी चालते. पुढची चाकं दिशा दाखवायला, मागची ओढ काढायला, अशी तिथल्या माणसांची समजूत आहे, संसाराबद्दलही तीच. ग्लेनिसच्या बापाची यूट तशी, नवऱ्याची तशी, तिची तशी. चाक म्हटलं की तिचे पाय आपोआप मागे गेले होते. महिनाभर मर्व डोळे लावून बघत होता. त्यालाही काही खटकलं नव्हतं, कारण त्याची यूटही तशीच.

एक पोरगा पुढे झाला. "राहू दे, मी काढतो."

"हात लावू नकोस," ग्लेनिस म्हणाली.

ती पुन्हा आडवी झाली. मागच्या साखळ्या काढल्या. कापड ओढत पुढे नेलं. पुढची चाकं वळतात, त्यामुळे तार फिरवायला जागा कमी. बोटांना पहिल्या दिवसासारखंच सगळं परकं झालं. आकडा निसटला. पुन्हा निसटला. पोरग्यांचं हसू संपलं, मग कंटाळा आला, मग तोही संपून ते नुसतेच बघत राहिले. ग्लेनिस गाडीखालून काही बोलत होती, ते शेडवरच्या गड्यांच्या तोंडचं होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी आकडा बसला. दुसरा बसायला तितकाच वेळ लागला.

ती उठली. केसांत गवताच्या काड्या होत्या.

"सावकाश झालं," इवो म्हणाला.

"झालं ना पण."

इवोने आभाळाकडे पाहिलं. आभाळ निळं होतं, लाज वाटावी इतकं. "बर्फ पडला तर बोलावतो."

"आणि नाही पडला तर?"

"तर मीही येतो वुलनगाँगला."

संध्याकाळी मर्वने सगळं ऐकून घेतलं. "पुढची चाकं ओढतात?" त्याने विचारलं. "मग मागची काय करतात?"

"मागून येतात," ग्लेनिस म्हणाली.

*

जूनमध्ये राजाचा वाढदिवस असतो. राजा त्या दिवशी जन्मलेला नसतो आणि बर्फही त्या दिवशी पडलेला नसतो. पण दोन्ही झालं आहे असं धरून माउंट मुल्लन उघडतं. यंदाही उघडलं. हिरव्या उतारावर यंत्राने केलेल्या बर्फाचा एक पट्टा होता, जखमेवर चिकटपट्टी लावावी तसा. बँड वाजला. पाद्रीबाबांनी बर्फाला आशीर्वाद दिला आणि तसं करताना उगाच वर पाहिलं. पर्यटक चड्ड्या घालून बिअर पीत होते. पाळण्यांच्या रिकाम्या खुर्च्या गवतावरून सावल्या नेत होत्या. अर्जेंटिनाचा पोरगा पाळण्याशी उभा राहून प्रत्येक खुर्चीला नमस्कार करत होता. त्याची उमेद शाबूत होती.

ग्लेनिस इवोने दिलेलं पिवळं जॅकेट घालून आली होती. बोलावलं नव्हतं, पण आली होती. इवोने पाहिलं आणि परत पाठवलं नाही, म्हणजे त्याला आवडलं असावं.

रात्रीच्या बातम्यांत ते गवत देशभर दिसलं. किरिलीचा फोन आला.

"आई, टीव्हीवर बघितलं. हिरवंगार आहे."

"बघितलं मीही."

"मग? ठरलं होतं ना आपलं? शनिवारी येतोय आम्ही. खोलीला रंग दिलाय. पिवळा, तुझ्या किचनसारखा. ब्रेटने स्वतः दिला, एक दिवस रजा काढून."

ग्लेनिसने स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहिलं. ती पिवळी होती खरी. तिचा नवरा गेला त्या वर्षी तिने एकटीने रंगवली होती. एका कोपऱ्यात रंग कमी पडला होता, तो कोपरा अजून पांढराच होता.

"या," ती म्हणाली. "साखळ्या घेऊन या."

"गवतावर?"

"घेऊन या, किरिली."

सोमवार, मंगळवार, बुधवार निळे गेले. गुरुवारी डोंगरावरचे काळे करावाँग पक्षी खाली गावात उतरून फाटकांवर बसले. मर्वने खुर्ची घरात घेतली. शुक्रवारी संध्याकाळी वाऱ्याचा आवाज बंद झाला. शनिवारी पहाटे फोन वाजला.

"पडला," इवो म्हणाला.

"निघाले," ग्लेनिस म्हणाली.

*

दुपारपर्यंत चढाच्या पायथ्याशी गाड्यांची रांग वळणापलीकडे गेली होती. बर्फ आडवा येत होता. ग्लेनिसला आता रांग दिसत नव्हती, नुसती चाकं दिसत होती. ती खिडकीशी वाकायची आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायची. मग कापड, तार, आकडा, ओढ. झालं की बॉनेटवर दोनदा थाप: निघा. इवोची पोरं तिच्याहून भराभर करत होती. पण तिने बसवलेली साखळी अजून एकही उलगडून परत आली नव्हती.

एक चंदेरी गाडी पुढे सरकली. काच खाली आली.

"पुढची ओढतात की मागची?" ग्लेनिसने विचारलं.

"काय?" गाडी चालवणारा म्हणाला. तो ब्रेट होता.

पलीकडून किरिली पुढे वाकली. तिला खिडकीत दिसली पिवळी टोपी, त्याखाली बर्फाने पांढऱ्या झालेल्या भुवया. तिने आवाज ओळखला. "आई?"

"पुढची असणार," ग्लेनिस म्हणाली. "बंद कर गाडी, ब्रेट. हँडब्रेक ओढ. साखळ्या आणल्यात का?"

"मर्व म्हणाला तू कामावर आहेस," ब्रेट म्हणाला. "भेटायचं तर वर जा म्हणाला. आम्हाला वाटलं, चहाबिहा देत असशील."

"साखळ्या, ब्रेट."

त्याने निमूटपणे पिशवी दिली. ग्लेनिसने कापड अंथरलं आणि आडवी झाली. किरिली शहरी बुटांनी बर्फात उतरली.

"आई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. पुढचा नंबर त्यांचाच आहे."

"तुझे हात बघ काय झालेत. रक्त येतंय."

"जुनं आहे ते."

"मला सांग काय करायचं. मी करते."

"जरा बाजूला हो. उजेड अडवतेस."

किरिली बाजूला झाली. आकडा निसटला. गाडीखाली, चाकाच्या आड, ग्लेनिसने बोटं काखेत धरली, ऊब येईपर्यंत थांबली आणि पुन्हा हात घातला. मागे कुणीतरी हॉर्न दिला. किरिली वळली आणि त्या माणसाकडे तिने असं पाहिलं की त्याने पुन्हा दिला नाही. ते बघणं तिने आईकडूनच घेतलं होतं.

आकडा बसल्याचा आवाज झाला.

दुसरी बाजू झाल्यावर ग्लेनिस उठली. किरिलीने हात पुढे केला होता, पण तोवर ती उठलेली होती.

"आम्ही तुला न्यायला आलोय, आई."

"माहितीय. इथे वळायला जागा नाही. वर वाहनतळ आहे, तिथून फिरून या. येताना थांबा, साखळ्या काढून देते. खाली डांबरावर तुटतात." तिने मुलीच्या खांद्यावरचा बर्फ झटकला. "आत बस. पाय भिजले तुझे."

बॉनेटवर दोन थापा पडल्या. गाडी वर गेली.

ती परत आली तेव्हा उजेड कमी होऊ लागला होता. उतरणाऱ्या गाड्यांची रांग पलीकडच्या बाजूला होती. ग्लेनिस रस्ता ओलांडून गेली आणि तिने साखळ्या काढल्या. दोघंही गाडीतच होती. किरिलीचे डोळे लाल होते. वर वळायला इतका वेळ का लागला, हे ग्लेनिसने विचारलं नाही.

"खोली राहील तशीच," किरिली म्हणाली.

"राहू दे. ऑक्टोबरात येईन बघायला. आठवडाभर."

साखळ्या पिशवीत भरून ती मागे गेली आणि डिकी उघडली. डिकी झाडून पुसून रिकामी केलेली होती. सुटं चाकसुद्धा काढून ठेवलं होतं, म्हणजे तिच्या बॅगा मावाव्यात. एवढ्या मोकळ्या जागेत ही एकटी पिशवी वुलनगाँगपर्यंत इकडून तिकडे आपटत गेली असती. ग्लेनिसने डिकी लावली आणि मागचं दार उघडलं.

मागच्या सीटवर एका बाजूला उशी होती, नवी, पिवळ्या अभ्र्याची. शेजारी घडी केलेली लोकरीची शाल आणि चहाचा थर्मास. ग्लेनिसने उशी उचलून पलीकडे, कोरड्या जागी ठेवली. सीट ओली होऊ नये म्हणून तिच्यावर गाडीतलंच रबरी पायपुसणं पसरलं. त्यावर साखळ्यांची पिशवी ठेवली, पट्टा तिच्यावरून आडवा ओढला आणि खटका बसल्याचा आवाज ऐकून मगच हात सोडला.

"वळणावर सरकायला नको," ती म्हणाली.

थर्मास तेवढा तिने काढून घेतला. मग दार लावलं, पुढे येऊन बॉनेटवर दोनदा थाप मारली आणि मागच्या गाडीकडे वळली.